कुत्र्या-मांजरांचे दात आणि हिरड्या : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लस टोचायला आणलेल्या कुत्र्याचा ओठ मी एका बाजूने हळूच वर करते, तेव्हा सोबतचा माणूसही वाकून बघतो. बहुतेकांनी आपल्या कुत्र्याची मागची दाढ त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलेली असते. कानातला मळ, पायात रुतलेला काटा, बोटांच्या बेचक्यातली गोचीड, हे सगळं त्यांना बरोबर ठाऊक असतं. तोंडात मात्र कुणी डोकावलेलं नसतं. दवाखान्यात, फोनवर आणि अगदी सोसायटीच्या जिन्यातही जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे लिहिते आहे.

रोज वाडगाभर खातो. दात दुखत असते तर खाल्लं असतं का?

हा प्रश्न आधी घेते, कारण या एका समजुतीपायी जनावरं वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढतात. हो, दात दुखत असतानाही खाल्लं असतं. भुकेपुढे दाताचं दुखणं मागे पडतं, आणि दुखणं लपवणं कुत्र्या-मांजरांच्या रक्तातच आहे. दात दुखणारा कुत्रा सहसा उपाशी राहत नाही, तो खायची पद्धत बदलतो. एकाच बाजूने चावतो, मान वाकडी करतो, न चावता गिळतो, कडक बिस्किट तोंडात घेऊन परत खाली ठेवतो. दोरी ओढायचा खेळ बंद होतो. तोंडाजवळ हात नेला की मान फिरवतो. घरचे म्हणतात, ‘वय झालं, आता शांत झालाय.’

एक अकरा वर्षांचा पॉमेरेनियन माझ्याकडे कान खाजवतो म्हणून आणला होता. कान स्वच्छ होता. ओठ वर केला, तर वरच्या मोठ्या दाढेवर बदामाएवढा तपकिरी खडा आणि त्याच्यावर हिरडी सरकून उघडं पडलेलं मूळ. भूल देऊन तो खडा सोडवायला गेले, तर खड्यासोबत दाढच हातात आली. इतके दिवस किटणानेच तिला धरून ठेवलं होतं. त्या दिवशी अकरा दात काढावे लागले. तीन आठवड्यांनी घरच्या आजोबांचा फोन आला, ‘डॉक्टर, हा परत चपला पळवायला लागलाय.’ चार वर्षं त्याने चपलेला तोंड लावलं नव्हतं, आणि ते वयामुळे असेल असंच सगळ्यांना वाटत होतं.

कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच ना?

नाही. मासे खाल्ल्यावर थोडा वेळ माशांचा वास येईल, तेवढं सोडा. पण तो जवळ येऊन हुंगायला लागला की तुम्हाला तोंड फिरवावंसं वाटत असेल, तर हिरड्यांखाली जंतू प्रथिनं कुजवत आहेत आणि त्यातून गंधकाचे वायू सुटत आहेत. ‘कुत्र्याचा वास’ म्हणून आपण जे सोडून देतो, ते बहुतेक वेळा हिरडीचं दुखणं असतं.

वासाचे प्रकारही सांगते. लघवीसारखा किंवा अमोनियासारखा वास आला, विशेषतः म्हाताऱ्या मांजराच्या तोंडाला, तर मूत्रपिंडांची रक्ततपासणी करून घ्या. पाणी खूप पिणं, वजन उतरणं आणि तोंडाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास, हे मधुमेह बिघडल्याचं लक्षण असू शकतं, तेव्हा त्याच दिवशी दाखवा. आणि कालपर्यंत ठीक असलेल्या तोंडाला अचानक सडका वास यायला लागला, तर टाळूत आडवी अडकलेली काडी किंवा हाडाचा तुकडा बघावा. दवाखान्यात असे तुकडे निघतात. कुत्रा पंजाने तोंड खाजवत असतो आणि घरच्यांना वाटतं घसा बसलाय.

दातांवर किटण चढतं ते नेमकं काय असतं?

स्वच्छ दातावर काही तासांतच जंतूंचा चिकट, जवळजवळ न दिसणारा थर बसायला लागतो. तो प्लाक. ब्रशने किंवा ओल्या कापडाने तो निघतो. तसाच राहिला, तर लाळेतलं कॅल्शियम त्यात मुरतं आणि दोन-तीन दिवसांत तो कडक व्हायला लागतो. बोअरच्या पाण्याने बादलीला आतून क्षार धरतो, तसंच. एकदा कडक झाला की घरच्या ब्रशने निघत नाही. कुत्र्यांची लाळ आपल्या लाळेपेक्षा अल्कधर्मी असते, म्हणून त्यांचे दात आपल्यासारखे किडत नाहीत, पण किटण मात्र भराभर धरतात. सर्वांत आधी ते वरच्या मोठ्या दाढेच्या बाहेरच्या बाजूला दिसतं, कारण तिच्यासमोरच गालात लाळेची नळी उघडते. तपासायला वेळ नसेल तर निदान ती एक दाढ बघत जा.

तरी दिसणारं किटण हे अर्धंच दुखणं. खरं नुकसान हिरडीच्या कडेखाली शिरलेले जंतू करतात. आधी हिरडीच्या कडेला लाल रेघ उमटते, ती सुजते आणि हात लागताच रक्त येतं. या टप्प्यावर नीट सफाई झाली की हिरडी पूर्ववत होते. पुढच्या टप्प्यात दाताला जबड्याशी बांधणारे तंतू आणि हाड झिजायला लागतं. ते गेलेलं हाड साफसफाईने परत येत नाही. तीन वर्षांपुढच्या बहुतेक कुत्र्या-मांजरांत हिरड्यांचा कमी-जास्त आजार सापडतो, म्हणून ‘अजून लहान आहे’ म्हणून थांबू नका.

लहान जातींचं जास्त लवकर बिघडतं. पॉमेरेनियन, शित्झू, पग यांच्या चिमुकल्या जबड्यात तेवढेच बेचाळीस दात दाटीवाटीने बसवलेले असतात. शिवाय खालचा जबडा इतका नाजूक असतो, की हाड झिजलेलं असेल तर सोफ्यावरून उडी मारल्यावरसुद्धा तो मोडू शकतो.

दात किती असतात? दुधाचे दात पडतात का?

कुत्र्याला दुधाचे २८ आणि कायमचे ४२. मांजराला दुधाचे २६, कायमचे ३०. सहा-सात महिन्यांपर्यंत अदलाबदल पूर्ण होते. पडलेले दात पिल्लं बहुतेक वेळा गिळून टाकतात, त्याची काळजी नको.

काळजी हवी ती न पडलेल्या दाताची. एका जागी एकाच जातीचे दोन दात, म्हणजे जाड नव्या सुळ्याला चिकटून सुईसारखा बारीक जुना सुळा, असं दिसलं तर थांबू नका. दोघांच्या फटीत अन्न साचतं आणि नवा सुळा वाकडा येतो. कधी तो थेट टाळूत टोचतो. घरी पक्कड लावायचा मोह टाळा. दुधाच्या सुळ्याचं मूळ दिसणाऱ्या भागापेक्षा बरंच लांब असतं आणि ओढलं की आत मोडतं. त्या वयात नसबंदी करणारच असाल, तर त्याच भुलेत तो दात काढून घेता येतो.

चांगली हिरडी कशी दिसते?

गुलाबी, ओलसर, दाताला घट्ट बसलेली. बोटाने दाबली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतः काळ्या किंवा ठिपकेदार असतात, आणि केशरी मांजरांच्या ओठांवर, हिरड्यांवर वयानुसार तिळासारखे काळे डाग येतात. ते आजाराचे नसतात.

हिरडीवरून फक्त दातांचं नाही, रक्ताचंही कळतं. आपल्याकडे गोचीड ताप वर्षभर सापडतो. त्यात हिरडी पांढुरकी पडते, आणि प्लेटलेट खाली गेल्या की टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात किंवा ब्रश न लावताच रक्त येतं. अशा कुत्र्याला ‘दात साफ करा’ म्हणून घेऊन येतात आणि त्याला खरी गरज असते रक्ततपासणीची. पिवळी हिरडी यकृताकडे किंवा रक्तपेशी फुटण्याकडे बोट दाखवते. निळसर किंवा चॉकलेटी झाली, तर अपॉइंटमेंट मागत बसू नका, सरळ निघा.

घरी ब्रश कसा सुरू करायचा? आमचा तर तोंडाला हात लावू देत नाही.

पहिल्या दिवशी ब्रश दाखवलात तर नक्कीच लावू देणार नाही. सावकाश घ्या. पहिला आठवडा फक्त बोट. कांदा, लसूण, मीठ न घालता उकडलेल्या चिकनच्या पाण्यात बोट बुडवा, ओठ उचला आणि सुळ्यावरून एकदा फिरवा. लगेच शाबासकी द्या आणि सोडून द्या. पाच सेकंद पुरे. त्यानं मान मागे घेण्याआधी तुम्ही थांबायचं, हे या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं. दुसऱ्या आठवड्यात बोटाला गॉज किंवा जुन्या सुती धोतराचा मऊ तुकडा गुंडाळा आणि दाढांपर्यंत जा. तिसऱ्या आठवड्यात लहान मुलांचा मऊ ब्रश आणि प्राण्यांची पेस्ट.

तोंड उघडायची गरज नाही. जबडा मिटलेलाच राहू द्या, नुसता ओठ वर करा. ब्रश हिरडीच्या कडेवर तिरका टेकवून लहान गोल फिरवा. बाहेरची बाजू झाली की पुरे, आतली बाजू जीभ बऱ्यापैकी सांभाळते. एका बाजूला अर्धा मिनिट. मी संध्याकाळचं फिरून आल्यावर, पट्टा काढायच्या आधी करायला सांगते. तेव्हा कुत्रा दमलेला असतो, आणि पट्टा खुंटीला लागला की खायला मिळणार हे त्याला माहीत असतं. पट्ट्याशी बांधलेली सवय सहसा मोडत नाही.

रोज करा. फारच जमलं नाही तर एक दिवसाआड. रविवारी एकदा केलेल्या ब्रशने फरक पडत नाही, कारण मधल्या दिवसांत किटण कडक होऊन बसलेलं असतं. आणि हिरड्या आधीच लाल-सुजलेल्या असतील, दात हलत असेल, तर आधी दवाखाना, मग ब्रश. दुखऱ्या हिरडीवर ब्रश घासला तर तो कुत्रा पुन्हा कधीच ओठ उचलू देणार नाही, आणि त्यात त्याची काहीच चूक नसेल.

मांजराला ब्रश? शक्य आहे का?

शक्य आहे, विशेषतः तीन-चार महिन्यांच्या पिल्लापासून सुरुवात केली तर. मांजराला समोरून धरू नका. ते तुमच्याकडे पाठ करून मांडीत बसलेलं असताना मागून गालाला हात लावा, लाड करता करता अंगठ्याने ओठ मागे सारा. मासे उकडलेल्या पाण्यात भिजवलेला कापूस सुळ्यावरून फिरवा. एका दिवशी उजवी बाजू, दुसऱ्या दिवशी डावी, असं केलं तरी चालतं. मोठं झालेलं मांजर ऐकत नसेल तर हट्ट सोडा. ओरबाडून घेण्यापेक्षा दर सहा महिन्यांनी तोंड तपासून घेणं बरं.

आपली टूथपेस्ट, मीठ-हळद, लवंगेचं तेल, खोबरेल, यांतलं काय चालेल?

आपली पेस्ट नको. आपण चूळ भरून थुंकतो, ते गिळतात. फ्लोराइड पोटात जातं, फेसाने मळमळतं, आणि काही पेस्टमध्ये झायलिटॉल ही गोडी असते. झायलिटॉल कुत्र्यासाठी विष आहे. रक्तातली साखर झपाट्याने उतरते आणि यकृत निकामी होऊ शकतं. साखरविरहित च्युइंगगममध्येही ते असतं, म्हणून पर्स उघडी टाकू नका.

लवंगेचं तेल आणि टी-ट्री तेल मांजरांपासून दूर ठेवा. त्यांचं यकृत ही द्रव्यं नीट पचवू शकत नाही. कुत्र्याच्या दुखऱ्या हिरडीवरही लवंगेचं तेल लावू नका, भाजल्यासारखं होतं. मीठ आणि खायचा सोडा पोटात सोडियम वाढवतात, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला तर मुळीच नको. खोबरेल तेल विषारी नाही, पण त्याने किटण विरघळत नाही. मुळात सफाई घासण्याने होते, पेस्ट फक्त चव देते. पेस्ट नसेल तर साध्या पाण्याचा ओला ब्रश पुरेसा आहे.

हाड दिल्याने दात साफ होतात असं म्हणतात.

थोडं किटण निघतं, खरं आहे. पण ज्या वरच्या मोठ्या दाढेने कुत्रा हाड फोडतो, तिचाच कपचा उडतो, आणि ती दाढ मोडण्याची कारणं विचारली की मटणाची नळी, गुराचं खूर, हरणाचं शिंग किंवा कडक नायलॉनचं खेळणं, हीच नावं येतात. शिजवलेल्या हाडाचे तर सुईसारखे तुकडे होतात. चिकनचं शिजलेलं हाड कधीच नको. रविवारच्या जेवणानंतर ताटातलं सगळं डब्यात आणि डब्याचं झाकण बंद.

वस्तू योग्य आहे का हे घरी कसं ठरवायचं? अंगठ्याचं नख रुतवून बघा. नख रुतत नसेल, तर ती दाताला जास्त कडक आहे. टेनिस बॉल मऊ असतो, पण त्याच्या लोकरीत माती-वाळू अडकते आणि रोज चघळणाऱ्या कुत्र्याचे सुळे पॉलिश पेपरने घासल्यासारखे सपाट होतात. आणायला फेका, पण चघळत बसू देऊ नका.

मांजरांच्या घरात, विशेषतः किनाऱ्याकडे, माशाचा काटा दाढेशी रुतल्याचं बरेचदा दिसतं. आणि एक महत्त्वाचं. मांजराच्या जिभेखाली दोरा, राखीचा धागा, गजऱ्याचा दोरा किंवा संक्रांतीचा मांजा गुंतलेला दिसला तर ओढू नका. त्याचं दुसरं टोक आतड्यात असू शकतं आणि ओढल्याने आतडं कापलं जातं. आहे तसं दवाखान्यात आणा.

पोळी-दूध, दूधभात खाऊन दात खराब होतात का? कोरडं खाणं दिलं तर साफ राहतील?

पोळी-दूध, दूधभात, पारलेचं बिस्किट, यांनी पोषणही अपुरं होतं आणि मऊ, पिठूळ लगदा दातांच्या फटीत राहतो. मात्र साधे कोरडे दाणेसुद्धा दात घासत नाहीत. दात शिरताच दाणा फुटतो आणि दाताची कड घासलीच जात नाही. दातांसाठी खास बनवलेलं खाणं वेगळं असतं, त्याचे दाणे मोठे आणि तंतुमय असतात, त्यामुळे दात आत रुतेपर्यंत ते फुटत नाहीत. त्याचा उपयोग होतो.

डेंटल स्टिक आणि पाण्यात घालायचं औषध?

ब्रशच्या जोडीला ठीक, ब्रशऐवजी नाही. पाकिटावर व्हीओएचसी ही खूण आहे का बघा. १९९७ पासून अमेरिकेतली पशुवैद्यकीय दंततज्ज्ञांची परिषद प्लाक किंवा किटण कमी झाल्याचा पुरावा तपासून ही खूण देते. स्टिकमध्ये उष्मांक असतात, तेवढं जेवण कमी करा. अख्खी स्टिक गटकन गिळणाऱ्या कुत्र्याला तिचा उपयोग नाही, उलट घशात अडकायचा धोका. माणसांचा माउथवॉश कधीच पाण्यात घालू नका.

दात साफ करायला भूल? वय दहा आहे, भुलेतून उठला नाही तर?

ही भीती खरी आहे आणि मी ती हसण्यावारी नेत नाही. म्हणून आकडा सांगते. ब्रिटनमधल्या २००८ च्या मोठ्या पाहणीत निरोगी कुत्र्यांमध्ये भुलेशी निगडित मृत्यू १०,००० मागे साधारण ५ आणि निरोगी मांजरांमध्ये साधारण ११ होते. आधीच आजारी असलेल्यांत तो धोका बराच वाढत होता. म्हणूनच वयापेक्षा तपासणी महत्त्वाची. हिमोग्राम म्हणजे रक्तपेशींची मोजणी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, यकृताचे आकडे, हृदयाचा आवाज, आणि आवाजात खोट वाटली तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. त्यावरून भुलेचं औषध आणि सलाईनचा वेग ठरतो.

भूल का लागते, तेही समजून घ्या. हिरडीखालची सफाई जागेपणी होत नाही, कारण ती दुखते. दाताच्या आतल्या बाजूपर्यंत पोहोचता येत नाही. दाताचा एक्स-रे घ्यायला तोंडात पट्टी धरून ठेवावी लागते. आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे श्वासनलिकेतली नळी. स्केलिंगच्या, म्हणजे किटण काढायच्या, यंत्रातून सतत पाणी येतं, किटणाचे कण आणि जंतू उडतात. त्या नळीभोवतीचा फुगा ते फुफ्फुसात जाऊ देत नाही. नुसतं इंजेक्शन देऊन, नळी न घालता स्केलिंग करणार असतील, तर नम्रपणे नाही म्हणा.

मग ग्रूमिंगवाले भूल न देता पंधरा मिनिटांत साफ करून देतात, ते?

दिसणारा भाग खरवडला जातो, दात पांढरे दिसतात, तुम्ही समाधानाने घरी जाता. हिरडीखालचं तसंच राहतं आणि पुढची दोन वर्षं तुम्ही बघतही नाही. शिवाय लोखंडी हत्याराने खरवडल्यावर दाताच्या पृष्ठभागावर बारीक ओरखडे पडतात. दवाखान्यात त्यावर पॉलिशिंग करतात, तिथे करत नाहीत, आणि खरखरीत दातावर प्लाक आणखी लवकर बसतो. जगभरच्या छोट्या प्राण्यांच्या पशुवैद्यकांची संघटना, वॉसावा, हिचं मतही या पद्धतीच्या विरोधात आहे.

खर्च किती येतो?

गावागणिक आणि तोंडाच्या अवस्थेगणिक बदलतो, म्हणून आकडा लिहीत नाही. फोनवर विचाराल तेव्हा मात्र हे विचारा: रक्ततपासणी धरली आहे का, श्वासनलिकेत नळी घालता का, दातांचा एक्स-रे होतो का, दात काढावा लागला तर वेगळे पैसे का, पॉलिशिंग त्यात येतं का. स्वस्त आणि महाग यांतला फरक बहुतेक वेळा या पाच उत्तरांत असतो. मुंबईत परळ, शिवाय नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथल्या सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडून दवाखाने आहेत. परळचं महाविद्यालय तर १८८६ पासूनचं. जवळ असाल तर तिथे चौकशी करा.

इतके दात काढल्यावर खाणार कसा?

चांगलं खातो. दुखरा दात घेऊन खाण्यापेक्षा दाताशिवाय खाणं सोपं असतं. टाके आपोआप विरघळतात. दहा-चौदा दिवस मऊ जेवण द्या, खेळणी काढून ठेवा. एकही दात न राहिलेली मांजरं कोरडे दाणे जिभेने उचलून गिळताना मी पाहिली आहेत.

आमचं मांजर भांड्यापाशी जातं, एक घास घेतं आणि किंचाळून पळतं.

भूक आहे आणि खाता येत नाही, असा याचा अर्थ. बरोबर लाळ गळत असेल, अंग चाटणं बंद होऊन केस गुंतले असतील, तर थांबू नका. दोन शक्यता मुख्य.

एक, दात विरघळणं. मांजरांत फार आढळणारा हा आजार आहे. हिरडीच्या कडेशी दाताला गुलाबी खळगा पडतो, तिथे हात लागला की खालचा जबडा थरथरतो. हा ब्रश न केल्याने होत नाही, म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. तो दात भरून वाचत नाही, काढावा लागतो, आणि कसा काढायचा हे एक्स-रे बघितल्यावरच ठरतं.

दुसरी, तोंडाचा चिवट दाह. घशाच्या दोन्ही बाजूंना लालभडक, फुलकोबीसारखी सूज येते. दातांवरच्या प्लाकविरुद्ध मांजराची प्रतिकारशक्तीच भडकलेली असते, आणि कॅलिसी विषाणूचा त्याच्याशी संबंध सापडतो. एफआयव्ही आणि ल्युकेमिया या मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणाऱ्या दोन विषाणूंची तपासणी करून घ्यावी लागते. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने मांजर दुसऱ्या दिवशी खायला लागतं, म्हणून लोक महिनोन्‌महिने तेच घेत राहतात, आणि दर वेळी त्याचा असर कमी दिवस टिकतो. मागच्या सगळ्या दाढा, कधी सगळेच दात काढणं हाच सध्याचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. ऐकायला क्रूर वाटतं. पण बहुतेक मांजरं त्यानंतर बरीच सुधारतात किंवा पूर्ण बरी होतात, फक्त काही आठवडे ते काही महिने धीर धरावा लागतो.

डोळ्याखाली गाठ आली, फुटली, बरी झाली, परत आली.

कुत्रा असेल तर दाढ तपासा. वरच्या मोठ्या दाढेची मुळं डोळ्याच्या खालीच असतात. मुळाशी पू झाला की तो गालातून बाहेर वाट काढतो. अँटिबायोटिकने सूज उतरते, कोर्स संपला की परत येते, कारण मूळ तिथेच आहे.

दात तुटला, पण त्याला काही वाटत नाही.

पहिल्या उत्तरातलं इथेही लागू. तुटलेल्या जागी मधोमध लाल किंवा काळा ठिपका असेल, तर नस उघडी आहे. ताजी असेल तर अतिशय दुखते, काळी पडली म्हणजे मेली आणि आता मुळाशी जंतू जाणार. रूट कॅनाल किंवा दात काढणं, दोनच रस्ते. ‘बघू थोडे दिवस’ हा रस्ता नाही.

रात्री फार दुखतंय. घरातली गोळी देऊ का?

देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. हिरड्या चॉकलेटी होतात, चेहरा सुजतो, श्वास लागतो. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो आणि मूत्रपिंड बिघडतात. रात्र काढायची तर मऊ, कोमट जेवण द्या आणि सकाळी पहिला नंबर लावा. चुकून गोळी दिली गेली असेल तर सकाळची वाट बघू नका. गोळीचं पाकीट सोबत आणा, आणि रागवतील म्हणून लपवू नका. वेळ कळली तरच उपचार ठरतो.

पिल्लाचे नवे दात आले, पण त्यांवर तपकिरी खड्डे आहेत.

त्याला लहानपणी डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक विषाणूजन्य आजार) किंवा मोठा ताप येऊन गेला होता का, ते आठवून बघा. दात हिरडीत घडत असताना इनॅमल बनवणाऱ्या पेशींना धक्का बसला की तेवढा पट्टा खडबडीत राहतो. रस्त्यावरून उचलून वाढवलेल्या पिल्लांत मी हे बरेचदा बघते. अशा दातांवर किटण लवकर धरतं आणि गार पाणी झोंबतं, म्हणून त्यांना ब्रशची गरज इतरांपेक्षा जास्त. तोच दात त्याच्या जगण्याची खूणही आहे. डिस्टेंपरमधून फार पिल्लं वाचत नाहीत.

गल्लीतल्या कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळतेय, जबडा लोंबतोय. काही अडकलंय का बघू?

हात घालू नका. लोंबणारा जबडा, लाळ, पाणी गिळता न येणं, आवाज बदलणं, हे रेबीजही असू शकतं, आणि ते अगदी घशात हाड अडकल्यासारखंच दिसतं. कळवळा येऊन हात घातलेली माणसं मला माहीत आहेत. मुलांना लांब करा, पालिकेच्या किंवा प्राणिमित्र संस्थेच्या प्रशिक्षित माणसांना बोलवा. चावलं, ओरखडलं किंवा जखमेला लाळ लागली असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. कातडी फाटून रक्त आलं असेल किंवा उघड्या जखमेला लाळ लागली असेल, तर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) हेही लागतं, ते आवर्जून विचारा.

आमचा तेरा वर्षांचा आहे. आता सुरू करून काय उपयोग?

आज ओठ वर करून बघा आणि मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, उजेड दाराकडून येईल असे. ते घेऊन या. काही दात गेलेलेच असतील, काही वाचतील. ज्या म्हाताऱ्या कुत्र्यांचे कुजके दात काढले, त्यांच्या घरचे दोन-तीन आठवड्यांनी सांगतात की तो आता दारावरची बेल वाजली की पुन्हा उठतो, गालावर हात फिरवला की मान काढून घेत नाही. सफाईनंतर टाके विरघळून हिरडी भरली, साधारण दोन-तीन आठवडे झाले, की उरलेल्या दातांसाठी बोटापासून सुरुवात करा. म्हातारा कुत्राही चिकनच्या पाण्याचा वास ओळखतो.